धोंडीमास्तरांच्या काचा

आमच्या गल्लीत फोटो काढून घ्यायला लोक भ्यायचे, असं सांगितलं की आजची पोरं हसतात. हसा बापडे. निजामाच्या राज्यात, परभणीच्या बाजारगल्लीत, धोंडीमास्तर तिपाई खांद्यावर टाकून निघाले की बायका पटापट दारं लावून घ्यायच्या. मीसुद्धा लावलंय. खोटं कशाला बोलू? आणि त्याच माणसाला पुढे रोज भाकरी बांधून नेली, तीही मीच.

मास्तर जातीचे चितारी, मूळ राणीसावरगावचे. बाप देवळांच्या भिंती रंगवायचा आणि पोळ्याला बैलांची शिंगं. पोरगा हैदराबादेत कुणा फोटोवाल्याच्या हाताखाली पाच-सात वर्षं राहिला आणि एक लाकडी कॅमेरा, काळं कापड आणि काचांच्या पेट्या घेऊन परभणीत आला. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा, मग काचेवरून कागदावर. आमच्या भुसार दुकानाला लागून दोन खोल्या होत्या, त्या त्यांनी घेतल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत अंधार. दाराशेजारी रस्त्याकडे तोंड करून काचेचं कपाट, त्याला ते शोकेस म्हणायचे. माझ्या सज्ज्यातून त्यांचं मागचं अंगण अख्खं दिसायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी चौदा वर्षांची. सासरच्या माणसांच्या आधी मला मास्तरांची पाठ ओळखू यायला लागली, कारण ते सदानकदा त्या अंगणात वाकून काचा धूत असायचे.

माणूस दिसायला काही नव्हता. उंच, वाळका, मान एका अंगाला कललेली. औषधांनी बोटं कायमची काळी पडलेली, इतकी की पंगतीत त्यांना कुणी वाढू देत नसे. आणि एक फार वाईट खोड. तुम्ही बोलायला लागलात की तुमच्या तोंडाकडे न बघता तुमच्या मागच्या भिंतीकडे बघायचे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भयंकर चिडायच्या.

"मास्तर, मी हिकडं हाय, भितीत न्हाई!"

"तुमी हायेतच की, मालकीणबाई. पण इतकी सालं त्या भितीला टेकून बसलाव, तिथं तेलाचा डाग पडलाय. बराबर तुमच्या डोक्याएवढा. तुमाला मी तोंडावरून न्हाई, त्या डागावरून वळखीन."

"मेल्याची वळख तर बगा!" आत्याबाई फणकारायच्या. पण दुसऱ्या दिवशी मी तो डाग घासायला घेतला तर माझा हात धरून बाजूला केला त्यांनी.

गिऱ्हाइकांशीही हेच. लोकांना फोटोत मागे राजवाडा पाहिजे असायचा, जिना, फुलांच्या कुंड्या, असं सगळं. मास्तरांनी तसा एक पडदा रंगवून ठेवला होता, पण त्याच्यापुढे कुणाला बसवताना त्यांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. "ह्या राजवाड्यात तुमी राहताव का?" असं गिऱ्हाइकालाच विचारायचे. "तुमच्या खळ्यावर चला. तिथं काढतो." निम्मी माणसं चिडून निघून जायची. जी तयार व्हायची त्यांच्याबरोबर हे बैलगाडीनं चार-चार कोस जायचे.

आणि कुणी बोलावलं नाही तरी जायचेच. कुठल्या पडक्या बारवेचा फोटो काढ, कुणाच्या रिकाम्या ओट्याचा काढ, चुलीमागच्या धुरकटलेल्या भिंतीचा काढ. माणूस नावाला नाही त्यात. त्यांच्या खोलीत एकच फोटो टांगलेला होता. एक जातं, आणि जात्यापुढची शेणानं सारवलेली जमीन, बस. मी नवी होते तेव्हा विचारलं, "हे काय हो मास्तर?"

"ही लक्ष्मी. माझी बायको."

"ह्यात कुटं हाय बाई?"

"मी हैदराबादेत फोटू शिकायलो होतो आन् हिकडं ती पटकीत गेली. फोटू काढायचा राहून गेला. आल्यावर बघितलं तर जात्यापुढं हे दोन खळगे. टाचा रुतवून दळायची ती. बगा नीट, वैनी. हितं बसलेली हाय."

मी नीट बघितलं. आणि खरं सांगते, मला कुणीतरी बसलेलं दिसायला लागलं. मी घाबरून घरी पळाले.

भीती पसरली ती पुढे. आठवडी बाजारात एक जुनी चिंच होती. मास्तरांनी एकदा दिवसभर तिच्याभोवती फिरून तिचा फोटो काढला, आणि पंधरा दिवसांत ती वावटळीत पडली. मग जिंतूरच्या वाटेवरच्या विहिरीचा काढला. त्या पावसाळ्यात विहीर खचली. मग एका तेल्याच्या घाण्याचा काढला, तर तो जळाला. झालं! गल्लीत एकच बोभाटा. मास्तरांनी काच लावली की ती जागा जाते. मी एक दिवस सज्ज्यातून सरळ विचारलं त्यांना.

ते काच धुताधुता थांबले. "उलटं हाय, वैनी. जे जायला निघालंय त्याचाच काढतो मी. राहणाऱ्याचा कशाला काढू?"

"आन् कोण जायला निघालंय ते तुमाला कसं कळतं?"

ते नुसते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि माझे मालक विषमज्वरानं गेले. सव्विसावं वर्ष होतं त्यांना. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, हातात लिंग देऊन बसवतात आणि बसवूनच नेतात. ह्यांचा एकही फोटो नव्हता. शेजारी फोटोवाला असून नव्हता, कारण हेही भ्यायचे. आत्याबाई म्हणाल्या, "बोलवा मास्तराला. आता काय भ्यायचं राहिलंय?" मास्तर आले, कापडात डोकं घातलं, काच घेतली आणि गेले.

चौथ्या दिवशी फोटो घेऊन आले. मयताचे डोळे मिटलेले होते, आणि फोटोत डोळे उघडे! चिताऱ्याचाच हात तो. बारीक कुंचल्यानं कागदावर डोळे काढले होते. आत्याबाई बघतच राहिल्या. "बघायलाय गं माझा शिवा. माझ्याकडं बघायलाय."

मला मात्र संताप आला. वीस वर्षांची विधवा मी, आणि हा माणूस माझ्या नवऱ्याचे डोळे मनानं काढतो? मी आतल्या दारातून म्हणाले, "हे ह्यांचे डोळे न्हाईत. असं कवा बघितलं न्हाई त्यांनी माझ्याकडं."

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "मनानं न्हाई काढले, वैनी. दुकानात गिऱ्हाईक नसलं म्हंजी ते वर सज्ज्याकडं बघायचे. तुमी वाळवण घालत असायच्या, तुमचं ध्यान नसायचं. तसे काढलेत."

सहा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी जी रडले, तशी ह्यांना नेलं तेव्हाही रडले नव्हते.

त्यानंतर मयताचे फोटो म्हणजे धोंडीमास्तर, असंच होऊन बसलं. गंगाखेड, जिंतूर, कुठून कुठून गाड्या यायच्या. मास्तर गडबडीनं चालताना दिसले की लोक विचारायचे, "कुणाचं झालं?" चेहऱ्यावर चेहरे त्यांच्या काचांवर जमत गेले. प्रत्येक काच कागदात गुंडाळलेली, कागदावर नाव, गाव आणि बापाचं नाव. कुणाचं तोंड ते विसरायचे नाहीत. दहा वर्षांनी बाजारात दिसलेल्या माणसाला म्हणायचे, "तू त्या मळ्यातला ना? तुझ्यामागं बाभळ होती."

मग ते दिवस आले. इंग्रज गेला, पण आमच्याकडे काही सुटका झाली नव्हती. खाकी घातलेली, बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरायची. कोणत्या गावाचं काय झालं ते बाजारात कुजबुजीनं कळायचं. लोक सोनंनाणं पुरायला लागले आणि पाहुण्यारावळ्यांकडे बाहेरच्या मुलखात जायला लागले. आणि नेमके तेव्हा मास्तर रोज सकाळी गल्लीतल्या एकेका दाराचा फोटो काढायला लागले. माणसाचा नाही, नुसत्या दाराचा. रांगेनं. आज तिसरं दार, उद्या चौथं. बायकांनी शिव्या घातल्या, आत्याबाईंनी पाणी फेकलं. मी विचारलं, "कामून छळता हो मास्तर गरिबांना? तुमाला ठाऊक हाय, लोक काय समजतेत ते."

"पुढं कुणी इचारलं, हितं कोण राहत होतं, तर दाखवायला पाहिजे, वैनी." असं म्हणून त्यांनी आमच्या दारापुढे तिपाई मांडली. मी दार लावून घेतलं. लावलेल्या दाराचाच फोटो निघाला.

माझे धाकटे दीर महादेवभावजी तेव्हा वीस-एकवीसचे. ते आणि त्यांचे सहा सोबती राज्याबाहेर जाऊन लढणाऱ्यांना मिळायचं ठरवून बसले होते. घरात मला एकटीला ठाऊक. निघण्याआधी सातही जण जत्रेच्या मिषानं चारठाण्याच्या जुन्या देवळात जमले, तर तिथं मास्तर! सकाळपासून खांबांचे फोटो काढत बसलेले. सातांतला वैजनाथ पुढारी होता. तो म्हणाला, "मास्तर, आमचा बी काढा एक. परत कोण येतंय कोण न्हाई, आयांना दाखवायला ऱ्हाईल." पण वचन घेतलं. आम्ही परत येईपर्यंत कागदावर उतरवायचा नाही. मास्तरांनी कॅमेऱ्यावर हात ठेवून वचन दिलं. हे मला भावजींनी जायच्या आधी सांगितलं.

दोन महिने गेले. सरहद्दीवरचा एक करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा, लुटला गेल्याची बातमी आली. आणि एका सकाळी मी दुकानाच्या पायरीवर रांगोळी घालायला गेले, तर शोकेसात तो फोटो.

काय फोटो होता तो! देवळाचे खांब एकामागे एक अंधारात गेलेले, वरून उन्हाची एक तिरपी पट्टी, आणि खाली पायऱ्यांवर ते सात जण, एवढेएवढेसे. एक गुडघा वर घेऊन बसलेले भावजी मी लगेच ओळखले. मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "कसा आलाय, वैनी?"

मी म्हणायला पाहिजे होतं, मास्तर, काढा तो आधी. वचन विसरलात? मी म्हणाले, "लय चांगला आलाय."

"चेहरे तर ज्वारीच्या दाण्याएवढे हायेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कोण वळखतंय? हा देवळाचा फोटू हाय. जागेचा हाय."

त्यांना तो खरोखरच जागेचा वाटत होता, हे मी आज शपथेवर सांगेन. इतक्या वर्षांत त्यांच्या रिकाम्या जागांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. हा एक मनासारखा साधला, तो डब्यात ठेववला नाही त्यांना. आणि मी मूर्ख, माझ्या दिराचा फोटो बाजारात लागलाय म्हणून मनातून फुगले. दोघांनी मिळून ती चूक केली. मी एका शब्दानं ती थांबवू शकले असते.

आठवड्यानं खाकीवाल्यांचा म्होरक्या समोरच्या हमीदचाचांकडे घड्याळ दुरुस्त करायला आला. बरोबर त्या लुटलेल्या नाक्यावरचा एक शिपाई. शिपाई सहज शोकेसापुढे उभा राहिला आणि उभाच राहिला. मग म्होरक्यानं हमीदचाचांच्या डोळ्यावरचं घड्याळजीचं भिंग काढून घेतलं आणि फोटोला लावलं. भिंगाखाली ज्वारीच्या दाण्याचं माणूस झालं. शिपायानं वैजनाथवर बोट ठेवलं.

वैजनाथ त्याच आठवड्यात आईला भेटायला गावी आला होता. शेतातूनच उचलला त्याला. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईला त्याच्या वहाणा तेवढ्या मिळाल्या. हमीदचाचा आठ दिवस दुकान न उघडता घरात बसून होते. "मेरे भिंग से देखा, बेटी," एवढंच मला म्हणाले.

म्होरक्या परत आला तो मास्तरांकडे. बाकीच्या सहांचे चेहरे मोठे करून पाहिजेत, एकेकाचा वेगळा. त्यासाठी फोटो मास्तरांकडेच ठेवला आणि चार दिवसांची मुदत दिली. तो गेला आणि मी सज्ज्यातून बघितलं. मास्तरांनी आधी तो फोटो जाळला, मग अंगणात बसले, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, आणि ती काच घासायला लागले. साधी खिडकीची काच होईपर्यंत घासली. मग ती उन्हाला धरून बघितली. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

दुपारी ते आमच्याकडे आले. आत्याबाईंच्या पायाशी बसले. प्रथमच त्यांनी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं.

"मालकीणबाई, वैजनाथ माझ्यामुळं गेला."

आत्याबाईंनी पाय आखडून घेतले. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

"सहा चेहरे द्यायचेत त्यांना. मी मेलेल्यांचे देणार हाय. तरण्याताठ्यांच्या सहा काचा निवडल्यात, डोळे कागदावर काढतो. दूरदूरच्या गावचे पाच. सहावा…" आणि ते माझ्याकडे वळले. "सहावा शिवा मालकाचा पाहिजे, वैनी. दुसरा त्या वयाचा न्हाई माझ्याकडं. तुमच्याकडचा बी द्या. घरात झडती झाली आन् तोच चेहरा भितीवर गावला तर सगळं उघडं पडंल."

दोघे भाऊ सख्खे, पण भावजी आईवर गेलेले आणि हे बापावर. चेहऱ्यात काही सारखं नव्हतं, तेव्हा ह्यांच्या फोटोवरून भावजी ओळखू येतील ही भीती नव्हती. भीती दुसरीच होती. तो एकच फोटो होता माझ्याकडे. रोज सकाळी उठून मी त्या डोळ्यांपुढे उभी राहायचे. मी म्हणाले, "न्हाई देणार. दुसरं काही बी मागा."

आत्याबाई उठल्या, खुंटीवरचा फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. "तूच दे," म्हणाल्या. "एक लेक गेलाय. दुसरा राखायचाय मला."

मी दिला. देताना मास्तरांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

मग महिनाभर एक भयंकर प्रकार चालला. मेलेल्या माणसांचे फोटो घेऊन ते लोक जिवंत पोरांना शोधत गावोगाव हिंडत होते. ज्या गावात ती माणसं जगली नव्हती, तिथं कुणी ओळखायचा प्रश्नच नव्हता. आमच्या दुकानात येणारे शेतकरी सांगायचे, "लय डोळे वटारून बघतंय फोटूतलं माणूस." मी धान्य मापता मापता ऐकायचे. माझा नवरा कुठल्या कुठल्या चावडीवर फिरत होता.

मास्तरांचं बिंग फुटलं ते जिंतूरकडच्या एका गावात. तिथं एक म्हातारी लेकीकडे पाहुणी आली होती. चावडीवर फोटो धरला आणि म्हातारीनं किंकाळी फोडली. बंदुका बघितल्या नाहीत, काही नाही, धावत जाऊन तिनं तो फोटो हिसकावला आणि छातीशी धरून बसली. "माझा लेक! चार साल झाले जाऊन, कुटं गावला तुमाला?"

दुसऱ्या सकाळी मास्तरांच्या घरातल्या सगळ्या काचा रस्त्यावर आल्या. चिंच, विहीर, दारं, मळे, मेलेले, जिवंत, सगळं. बुटांखाली चुरा केला. गल्ली उन्हात चमकत होती आणि अनवाणी कुणाला चालता येत नव्हतं. ह्यांची काच त्यातच गेली. फोटो खाकीवाल्यांकडे गेलेला, तो कधी परत मिळाला नाही. आज मला माझ्या नवऱ्याचा चेहरा आठवत नाही. खूप प्रयत्न केला की त्या काढलेल्या डोळ्यांपर्यंत येते आणि थांबते.

मास्तरांना नेऊन काय केलं ते त्यांच्या तोंडावरून पाचव्या दिवशी दिसलं. एक गाल उकलल्यासारखा, ओठ फाटलेला. पण डोळ्यांना हात लावला नव्हता. म्होरक्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काँच धो डाली इसने. आँखें तो हैं ना इसके पास!"

तेव्हापासून दोन्ही गाड्यांच्या वेळी मास्तरांना टेसनावर बाकड्यावर आणून बसवायला लागले. दोघे बंदूकवाले बाजूला, म्होरक्या मागे. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघायचं आणि सहांपैकी कुणी असला तर सांगायचं. त्यांना खायला कुणी देत नव्हतं. मी भाकरी बांधून न्यायला लागले. बाईमाणूस, त्यात विधवा, मला कुणी अडवलं नाही.

मास्तर दर गाडीला बघायचे आणि मान हलवायचे. न्हाई. न्हाई. न्हाई. चार दिवस झाले, तसा म्होरक्या माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "सनीचर तक एक तो दिखा दे. नहीं तो तू ही चल हमारे साथ." म्हणजे काय ते तिथल्या हमालालासुद्धा कळलं.

आता माझं दुखणं सांगते. आत्याबाईंनी त्या फोटोपाठोपाठ अंथरूण धरलं होतं आणि महादेवाचा धोशा लावला होता. काचा फुटायच्या आधीच एका कापडवाल्या पाहुण्याबरोबर भावजींना निरोप गेला होता. आई जायला निघाली, येऊन जा. तो निरोप आता परत कसा फिरवायचा? भावजी कुठल्याही गाडीनं येणार होते आणि गाडीच्या तोंडाशी मास्तर बसलेले होते. मार खाल्लेला, उपाशी माणूस तो. त्याला वाचायचं असलं तर एक बोट वर करायचं होतं, बस.

गुरुवारी भाकरी देताना मी हळूच म्हणाले, "मास्तर, भावजी यायचेत."

ते एकदम चिडले. "कामून सांगितलं मला? ठाऊक असलेलं तोंडावर येतंय, वैनी! आता मी कसं बघू?" मग भाकरी बाजूला ठेवली. "जा तुमी," म्हणाले.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारची गाडी आली. मी भाकरीचं फडकं घेऊन बाकड्यापासून पाच-सहा पावलांवर उभी होते. तिसऱ्या डब्यातून लाल तुर्की टोपी, शेरवानी, काळी दाढी आणि हातात पत्र्याची ट्रंक असा एक तरुण उतरला. चालण्यावरून ओळखला मी. देवा, सरळ जाऊ दे. बाकड्याकडे बघू नको रे बाबा, सरळ जा.

भावजींनी बघितलं. मास्तरांचं ते तोंड बघितलं आणि जागच्या जागी थांबले. ट्रंक खाली ठेवली. ओठ हलले. शब्द बाहेर पडला असता तर सगळं संपलं असतं.

म्होरक्या पुढे आला. "ये क्यों रुका? पहचानता है तुझे?"

मास्तरांनी भावजींकडे बघितलं. मागच्या भिंतीकडे नाही, डब्याकडे नाही, सरळ डोळ्यांत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग फाटलेल्या ओठानं हसले.

"सगळेच थांबतेत, साहेब. माझं तोंडच बघण्यासारखं करून ठेवलंय तुमी." आणि भावजींवर खेकसले, "काय बघायलाव मियाँ? चला फुडं! माणूस बघितला न्हाई का कवा?"

बंदूकवाले हसले. भावजींनी ट्रंक उचलली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

गाडी सुटली. फलाट रिकामा झाला. म्होरक्यानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि म्हणाला, "सनीचर है, मास्टर."

"व्हय, ठाऊक हाय." मास्तर भाकरी खातच होते. शेवटचा घास खाऊन त्यांनी फडकं झटकलं, नीट घडी घातली आणि उठून मला आणून दिलं. मला काहीतरी बोलायचं होतं. फोटो देताना जे बोलले ते परत घ्यायचं होतं.

"कालवण आज लय तिखट झालतं, वैनी," ते म्हणाले. "ओठाला झोंबायलंय."

आणि कुणी ढकलायच्या आत स्वतःच पुढे झाले. मालधक्क्याच्या बाजूनं रुळांना धरून चालायला लागले, लंगडत, मान एका अंगाला. ते दोघे आणि म्होरक्या मागून. मी फडकं धरून उभी होते. मालधक्क्याच्या कोपऱ्यावर ते वळले. नंतर ते कुणाला दिसले नाहीत.

मी घरी आले तेव्हा भावजी आईच्या उशाशी बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होते.